वाया जाऊ नये म्हणून

"सासूबाईंचंही एकदा तपासून घ्या बरं का," असं डॉक्टर प्रज्ञा म्हणाल्या, तेव्हा मोहिनी मनातल्या मनात हसली.

जळगावचा किडनीचा दवाखाना. खुर्चीत नाना, म्हणजे मोहिनीचे सासरे. शेजारी फाइल मांडीवर घेऊन मोहिनी. आणि बसायला खुर्ची रिकामी असूनही दाराशी उभ्या अक्का, म्हणजे सासूबाई. हातात पिशवी, पिशवीत नानांचा थर्मास, नानांचा टॉवेल, नानांची मफलर. डॉक्टरांनी नानांना तपासलं, नानांचे रिपोर्ट समजावले आणि मग चष्म्यावरून दाराकडे बघत विचारलं, "अक्का, बीपीची गोळी तुम्हालाही आहे ना? आणि गुडघ्यांसाठी काय घेता?"

"मेडिकलवाला देस ती," अक्का म्हणाल्या. माहेर पारोळ्याचं. नशिराबादला नांदून केस पिकले, तरी बोली काही सासरची झाली नाही.

"किती वर्षं घेताय?"

अक्कांनी असा हात हलवला, की वर्षं ही काही मोजायची गोष्ट नव्हे.

"पायांवर सूज दिसतेय. रक्त आणि लघवी, एवढंच बघायचंय. बीपी आहे, वर दुखण्याच्या गोळ्या. किडनी फार उशिरा तक्रार करते. लांबवू नका."

आलं पॅकेज, मोहिनीला वाटलं. चप्पल घेतली की पॉलिशची डबी पुढे करतात, तसा एका पेशंटवर दुसरा पेशंट. "हो हो, पुढच्या वेळी नक्की," असं म्हणून तिने फाइल मिटली. अक्का तर लाजल्याच. "माले काय व्हयनं? आजारी तं ह्या शेतस," असं त्या म्हणाल्या, पाहुण्याला पाट सरकवून द्यावा तशा सुरात.

डॉक्टरांचं ते 'लांबवू नका' वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं, कारण घरात ते कोणीच ठेवलं नाही.

मोहिनी धुळ्याची. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, फर्स्ट क्लास. काळजी करण्याचा गुण तिने माहेरूनच सोबत आणला होता. भूमिका, तिची तीन वर्षांची मुलगी, एकदा शिंकली की ही दोनदा थर्मामीटर लावायची. दुधाच्या पिशवीवरची तारीख, खेळण्यांचा रंग, पाळणाघरातल्या बाईंचा खोकला, कशावरून तिची नजर सुटत नसे. नानांच्या किडन्या निम्म्याहून जास्त कामातून गेल्याचं कळलं, तेव्हा तिच्या काळजीला जणू कायमची नोकरी लागली.

आणि नाना! भटू नाना म्हणजे गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. केळीची बाग, बागेत ठिबक, आणि कुठल्याही विषयावर अध्यक्षीय समारोप करू शकणारा आवाज. चेअरमनकी गेली तसा ओट्यावर माणूस यायचा थांबला होता. सकाळी नाना एकटेच पेपर वाचायचे आणि पेपरशीच भांडायचे. किडनीने ती वर्दळ परत आणली. कोण कुठला लांबचा चुलतभाऊ, मागच्या निवडणुकीत विरोधात उभा राहिलेला मोतीलाल, सगळे यायला लागले. नाना मधोमध बसून आपल्या रक्तातलं क्रिएटिनिन सांगायचे.

"नाना, आज काय भाव?" झुलाल आबा रोज विचारायचे. झुलाल आबा शेजारचे, केळीवालेच.

"दोन पॉइंट आठ."

"मागच्या बारीला?"

"दोन पॉइंट पाच होता."

"मग वाढतोय की! वाढेल, अजून वाढेल, धीर धरा," असं आबा मनापासून म्हणायचे. हा भाव चढला की माणूस उतरतो, हे त्यांच्या ध्यानात यायला दिवाळी उजाडली. तोवर त्यांच्या शुभेच्छा नानांना लागत होत्या की काय, कोण जाणे.

किडनी म्हणजे काय, हे नानांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. "ठिबकचा फिल्टर. चोक झालाय. फिल्टर चोक झाल्यावर काय करतात, सांगा? जोरात पाणी सोडतात." म्हणून ते तांब्यावर तांब्या पाणी पीत. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, कारण पायांत पाणी साठत होतं.

"नाना, तो फिल्टर प्लास्टिकचा असतो," मोहिनी म्हणाली.

"म्हणून तर टिकतो," नाना म्हणाले.

बीपीची गोळी त्यांनी आपल्या अधिकारात बंद केली, कारण बीपी चांगलं आलं होतं. "ताप उतरल्यावर कोणी तापाची गोळी खातं का?" ओट्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्कांचे भाऊ, भाईदास मामा, पारोळ्याहून कसल्यातरी मुळीची पूड घेऊन आले. त्यांच्याकडे म्हणे एकाला डॉक्टरांनी परत पाठवलं होतं, पुडीवर तो असा उठला की ट्रॅक्टर चालवायला लागला.

"आता कसे आहेत ते?" मोहिनीने विचारलं.

"वारला तो," मामा म्हणाले. "पण किडनीनं नही वं माय. ट्रॅक्टर उलटनं."

पुडी मोहिनीने संडासात ओतली. गोळी ती स्वतः नानांच्या हातावर ठेवायची आणि गिळली की नाही हे बघायला त्यांना 'आ' करायला लावायची, भूमिकेला लावायची तसं. मीठ चमच्याने मोजून. पापड, लोणचं, फरसाण बंद. बटाटा, टोमॅटो जपून. भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायची, मग भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकता न येणारं पोटॅशियम भाजीतून पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर जातं. ही युक्ती तिला भारी आवडली होती. कॉलेजनंतर पहिल्यांदा केमिस्ट्री कुठेतरी उपयोगाला आली होती. नाना घ्यायचे त्या गुडघेदुखीच्या गोळ्याही बंद, त्या किडनीला वाईट. नारळपाणी बंद, त्यातही पोटॅशियम. आणि केळी बंद.

केळी म्हटल्यावर नाना खुर्चीतून उठले होते.

"केळी बंद? माझ्या बागेतली? डॉक्टरीणबाई कुठल्या म्हणे?"

"पारोळ्याच्या."

"तरीच. कापसाचा मुलूख. त्यांना काय कळणार केळी."

पारोळ्याच्या अक्का शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी फक्त थर्मास दुसऱ्या हातात घेतला.

आता पंचाईत अशी, की या केळीच्या पट्ट्यात आजाऱ्याला रिकाम्या हाताने कोणी भेटायला जात नाही, आणि भरलेला हात म्हणजे केळी. त्यातही प्रत्येकाला आपल्या बागेतली दाखवायची हौस. मोतीलालने फणी आणली की दुसऱ्या दिवशी झुलाल आबा तिच्यापेक्षा लांब केळांची फणी आणणार. जळगावहून येणारे हायवेवर थांबून शहाळी आणणार. "नाना, हे घ्या, किडनी धुवून निघते याने." नानांच्या किडनीला नेमकं जे जे चालत नव्हतं, ते ते प्रेमाने, हप्त्याहप्त्याने, उंबऱ्यात येऊन पडत होतं.

बरं, परत द्यायचं तर माणूस दुखावतो. शेजारी द्यायचं तर त्याहून वाईट. आजाऱ्याच्या नावाने आलेलं फळ दुसऱ्याच्या घरात गेलं तर दुखणं त्याच्यामागे जातं, अशी तिकडे समजूत. एकदा मोहिनीने न कळत दोन फण्या समोरच्या घरी दिल्या, तर ती माणसं आठवडाभर बोलली नाहीत. गुरं असती तर गुरांनी खाल्ली असती, पण गुरं विकून झाली होती. तेजस, मोहिनीचा नवरा, जळगावला नोकरीला, सकाळी डबा घेऊन जाणार तो संध्याकाळी येणार. त्यात वजन कमी करायचं त्याच्या डोक्यात. भूमिकेला केळाचा वासही नको.

मग ती केळी जात कुठे होती?

हा प्रश्न मोहिनीला पडला नाही. टोपली रोज भरायची, रोज रिकामी व्हायची, आणि तिला नुसतं बरं वाटायचं, की चला, नानांच्या हाती लागली नाहीत. तिचा पहारा नानांच्या ताटावर होता. अक्कांचं ताट असं काही त्या घरात नव्हतंच. सगळ्यांची जेवणं झाली की त्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्या राहून, भांड्यांमधलं निपटत, जेवायच्या.

दिसत काहीच नव्हतं असंही नाही. अक्कांच्या पायातली जोडवी रुतायला लागली, तेव्हा मोहिनीनेच साबण लावून ती काढली. "वजन वाढलंय अक्का तुमचं," ती चेष्टेने म्हणाली. सकाळी त्यांचे डोळे सुजलेले असायचे. "झोप पुरी होत नाही, नानांमागे उठता ना रात्रीचं." अंगाला खाज सुटायची, त्याला मोहिनीने खोबरेल दिलं. भूक मेली होती. "तोंडाले चव नही," असं अक्का म्हणाल्या, तर ओट्यावरून नाना ओरडले, "चव मला नाही! बिनमिठाचं मी खातोय!" आणि सगळी सभा हसली. अक्काही हसल्या.

थंडी पडली. भरिताची वांगी आली, हिरवट पांढरी, हातभर लांब. नानांनी फर्मान काढलं, की किडनी असो नाहीतर नसो, मळ्यात भरीत होणारच. ओट्यावरची सगळी मंडळी बोलावली, तेजसला सुट्टी काढायला लावली. दुपारी मळ्यात काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, केळीची पानं धुवून पसरली होती. नानांसाठी वेगळ्या वाटीत बिनमिठाचं काढायचं, म्हणून मोहिनी वाटी घेऊन पहाऱ्याला बसली होती. नाना पुरुषांच्या घोळक्यात, वर बांधावर, माइक नसल्याची खंत करत बोलत होते.

"किडनीच्या आजारात सगळ्यात महत्त्वाचं काय? स्वतःवर ताबा! आता मीच बघा. एवढी केळी येतात घरात. मी शिवलोसुद्धा नाही."

"वा नाना!" मोतीलाल म्हणाला.

खाली अक्का वांगी ठेचत होत्या. लाकडी भांडं, जाड मुसळी, हिरव्या मिरच्या, लसूण. अक्कांच्या हातचं ठेचलेलं भरीत म्हणजे त्या भावकीत पैजेची गोष्ट. मुसळी चार वेळा वर गेली, खाली आली. पाचव्यांदा खाली आली आणि वर गेलीच नाही. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

"काय झालं अक्का?"

"हात उचलस नही वं माय." आणि मग जरा ओशाळून, "पाय बी."

"थकल्या असतील," झुलाल आबांची बायको द्रौपदाबाई म्हणाली. "एखादं केळं द्या. ताकद येईल." कोणीतरी सोलायलाही घेतलं.

"सकायपासून चार खायात," अक्का पुटपुटल्या. "तरी ताकद येत नही."

मोहिनी वाटी खाली ठेवून अक्कांजवळ सरकली.

"चार? कोणती केळी, अक्का?"

"ह्यास्नाकरता आयेल. ह्यास्ले तं चालत नही. टाकाले जीव व्हस का?"

"रोज?"

अक्कांनी पुन्हा तोच हात हलवायचा प्रयत्न केला. तो जागचा हलला नाही.

"शहाळी?"

"ती बी. फोडेल नारळ किती दिन ठेवो?"

"अक्का, नानांच्या गुडघ्याच्या गोळ्या... त्या मी कपाटात ठेवल्या होत्या. डबाभर होत्या."

"सरन्यात. मन्हा बी गुडघा दुखतस ना. नव्या कसाले आणो, घरमा व्हत्यात."

पुढचा प्रश्न विचारू नये असं तिला वाटलं, पण तो तोंडातून गेलाच. "आणि भाजीचं पाणी? मी बाजूला काढून ठेवते, फेकायला?"

आता मात्र अक्कांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान आला. शिकलेल्या सुनेला एक गोष्ट आपल्यालाच माहीत आहे, याचा. "तू फेकस ते? पोरी, बठ्ठं सत्त्व तं त्यामा राहस. मी भाकरनं पीठ मळी लेस त्यामा."

केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत मोहिनीला तीन वर्षं शिकवलं होतं, की गाळून काढलेलं द्रावण कुठे गेलं ते कायम सांगता आलं पाहिजे. इथे ती रोज नानांच्या भाजीतून पोटॅशियम काढत होती, आणि अक्का ते गोळा करून भाकरीत थापत होत्या. नानांचं पथ्य घरात तंतोतंत पाळलं जात होतं. त्यातला 'वर्ज्य' म्हणून जेवढा भाग होता, तेवढा सगळा अक्का पाळत होत्या.

"तेजस, गाडी काढ! आत्ता!"

गाडी निघाली. भूमिकेला द्रौपदाबाईच्या कडेवर टाकलं. अक्कांना मागे आडवं केलं, डोकं मोहिनीच्या मांडीवर. आणि पुढच्या सीटवर, मफलर गुंडाळून, गाडीतच असणारी फाइल छातीशी धरून, नाना आधीच बसलेले होते. गाडी जळगावला दवाखान्यात निघाली म्हणजे ती कोणासाठी निघाली, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

"मला तसं काही होत नाहीये," ते म्हणाले, "पण चाललोच आहोत तर क्रिएटिनिन करून घेऊ."

तेजसने वेग वाढवला. अक्का मांडीवरून म्हणाल्या, "ह्यास्नी दुपारनी गोळी ऱ्हायनी."

दवाखान्याच्या दारात नर्स धावत आली. "पेशंट कोण?"

"मी," असं म्हणून नाना व्हीलचेअरमध्ये बसले.

"नाना, उठा!" मोहिनी ओरडली. लग्न झाल्यापासून त्या घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता. चढला तो असा, की व्हरांड्यातले चार अनोळखी पेशंटही उठून उभे राहिले. नाना उठले. खुर्चीत अक्कांना बसवलं. नाना फाइल घेऊन उभेच राहिले, दाराशी.

त्यानंतरचं सगळं घाईचं. छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, डॉक्टर प्रज्ञांनी ती बघितली आणि हाताला सुई लागायच्या आधीच इंजेक्शनं भरायला सांगितली. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं, की आधी हातापायांतलं बळ गेलं होतं आणि आता हृदयाचे ठोके बिघडायला लागले होते. "भरीत जेवून, आराम करून, संध्याकाळी आला असतात तर..." एवढं बोलून डॉक्टर पुन्हा पट्टीकडे वळल्या. त्या रात्रीच एक डायलिसिस करावं लागलं.

"कुठली बीपीची गोळी चालू आहे यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

मोहिनीने नानांकडे बघितलं. नानांनी मोहिनीकडे. स्वतःचं क्रिएटिनिन पहिल्या रिपोर्टपासून तोंडपाठ असलेले नाना. नानांच्या प्रत्येक गोळीचा रंग, वेळ, मोबाईलवरचा गजर सांभाळणारी मोहिनी. "पांढरी," शेवटी नाना म्हणाले. "छोटी असते."

क्रिएटिनिनचा आकडा आला. नानांच्या दुप्पट.

"माझ्यापेक्षा जास्त?" नानांच्या तोंडून गेलं. आवाजात धक्का होता, पण थोडी हार झाल्याची कळही होती. माजी चेअरमनला प्रचार न करताच कोणी पाडल्यासारखी. "रिपोर्टची अदलाबदल नाही ना झाली?"

"नाही नाना," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "यांचं कधी बघितलंच नव्हतं, म्हणून नवीन वाटतंय."

मोहिनी वाट बघत होती, की आता त्या म्हणतील, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी कागद ओढून अक्कांच्या नावाची नवीन फाइल केली आणि विचारलं, "घरात केळी कोण खातं?"

नाना बाकावर बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं, त्यामुळे तेजस घाबरून त्यांनाच पाणी द्यायला लागला. "मोजून दे," नाना म्हणाले. आणि मग, भिंतीकडे बघत, "बांधावर मी काय सांगत होतो रे? की मी शिवलोसुद्धा नाही."

तिसऱ्या दिवशी अक्का उशीला टेकून बसल्या. दवाखान्याचं जेवण आलं, पोळी, पिवळी भाजी, बिनमिठाची. अक्कांनी घास घेतला आणि चावायच्या थांबल्या.

"हाई ह्या रोज खातस?"

"रोज," नाना म्हणाले.

"बिचारा," अक्का म्हणाल्या. नानांच्या आजारपणाबद्दल त्यांना इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

"आता तुलाही हेच," नाना म्हणाले. "दोघं खाऊ. तू भाजीचं पाणी टाकायचं. मी बघत उभा राहणार."

"पण सत्त्व..."

"मोरीत जाऊ दे सत्त्व!"

डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. गेलेला भाग परत येणार नाही. पण दुखण्याच्या गोळ्या थांबल्या, केळी थांबली, बीपी ताब्यात राहिलं, तर उरलेला भाग जपता येईल, आणि डायलिसिसची सुई पुष्कळ लांब ठेवता येईल. सगळं त्या 'जर'वर होतं, आणि तो 'जर' रोज तिन्ही त्रिकाळ स्वयंपाकघरात शिजणार होता.

अक्का घरी आल्या, आणि दुसऱ्याच दिवशी गाव भेटायला आलं. अक्कांना भेटायला. हातात काय असणार? मोतीलालची फणी, झुलाल आबांची त्याहून लांब फणी, जळगावहून शहाळी. मोहिनी दारात आडवी झाली. पण बोलायचं तरी काय? आजाऱ्याचं फळ परत पाठवत नाहीत, दुसऱ्या घरी देत नाहीत. आणि जिने एकटीने आजवर ती अडचण कोणाला कळूही न देता सोडवली होती, तिच्याच नावाने आता टोपली आली होती.

तेव्हा नाना ओट्यावर उभे राहिले. घसा खाकरला. सोसायटीच्या वार्षिक सभेचा आवाज पुन्हा एकदा नशिराबादेत घुमला.

"मंडळी, बसा. फळ घरातून बाहेर जाणार नाही, चिंता नको. आणि घरातलं माणूस ते खाणार नाही. तेव्हा ज्याने आणलं, त्याने इथेच, माझ्यासमोर, बसून खायचं. मगच आत जाऊन पेशंटला भेटायचं."

"सगळी?" मोतीलालने फणीकडे बघत विचारलं.

"तुझ्याच बागेतली आहेत ना? गोड असतील."

झुलाल आबांची फणी सगळ्यात लांब. सातवं केळं खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून गावात भेटायला येणाऱ्यांचे हात एकदम हलके झाले. कोणी फुलं आणली, कोणी भूमिकेला फुगा. मोतीलाल तर नुसतेच हात जोडून आला.

ओट्यावर आता दोन भाव सांगितले जातात. नानांचा आणि अक्कांचा. नाना बीपीची गोळी न विसरता घेतात, कारण ती गिळल्यावर 'आ' करून अक्कांना दाखवायची असते, आणि मग अक्कांनी त्यांना. भूमिकाही मध्ये येऊन 'आ' करते. अक्का अजून कधीतरी भाजीचं पाणी ओतताना हात आखडतात. मोहिनीने एकदा पकडलं, तर म्हणाल्या, "झाडले टाकू का? झाडले तं चालस ना?" ते मात्र तिने चालू दिलं. ओट्याशेजारचा कढीपत्ता असा काही फुटला आहे, की बघत राहावं.

मोहिनीची काळजी सुटलेली नाही. तिला फक्त थोडी वेगळी जागा मिळाली आहे. परवा झुलाल आबा आले, तर तिने विचारलं, "आबा, द्रौपदा काकूंचं बीपी कधी मोजलं?" आबा म्हणाले, "तिला काय झालंय? ती तर माझं शुगरचं पथ्य करते." मोहिनीने त्यांना चपला घालायला लावल्या आणि काकूंना आणायला पिटाळलं.

ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ती आता हेच विचारते. तुमच्यापर्यंत तिचा हात पोहोचत नाही, म्हणून इथे विचारते आहे. तुमच्या घरात ज्याच्या नावाची फाइल आहे, त्याची चौकशी पुष्कळ जण करताहेत. त्याला आज राहू द्या. त्याच्यामागे पिशवी धरून जी उभी असते, जी सगळ्यांनंतर ओट्याशी जेवते, तिला आज खुर्चीत बसवा. घोट्याच्या वर अंगठ्याने दाबा आणि खड्डा राहतो का बघा. ती बीपीची कुठली गोळी घेते आणि गुडघ्यांसाठी काय खाते, ते विचारा. ती म्हणेल, मला काय झालंय. तेव्हा हसू नका. उद्या सकाळी तिचं रक्त आणि लघवी तपासायला घेऊन जा.

आणि जाताना पिशवी तुम्ही धरा.